संडरलंड, १८३१: पटकी नाकारणारं बंदर

१८३१ च्या नोव्हेंबरात इंग्लंडच्या ईशान्य किनाऱ्यावरच्या संडरलंड गावातल्या डॉक्टरांनी एकत्र बसून मान्य केलं की, रशियात आणि जर्मनीत हजारोंचा बळी घेणारी पटकी आपल्या गावात शिरली आहे. पंधरवडा उलटायच्या आत त्यांच्यातल्याच बहुतेकांनी शब्द फिरवला. मधल्या दिवसांत रोगी कमी झाले नव्हते, वाढतच होते. पण सरकारने बंदरावर निर्बंध आणले होते, कोळशाची जहाजं अडकून पडली होती, आणि जहाजमालक, खाणमालक व व्यापारी यांनी एक्स्चेंजच्या इमारतीत सभा भरवून गावात परदेशी साथ वगैरे काही नाही, असा ठराव केला होता. त्यापाठोपाठ डॉक्टरांचीही सभा झाली आणि आशियाई पटकी अचानक 'इंग्लिश कॉलरा' ठरली. म्हणजे दर उन्हाळ्यात होतात तसले जुलाब-वांत्या, फक्त जरा तीव्र.

या प्रकरणावर इंग्रजीत भरपूर लिहिलं गेलं आहे. साथ ओसरते न ओसरते तोच तिथल्या डॉक्टरांनी पुस्तकं काढली. १८९४ साली चार्ल्स क्रेटनने ब्रिटनमधल्या साथींच्या मोठ्या इतिहासात तिची दखल घेतली. १९५० नंतर तर साथीतून त्या काळचा समाज वाचणाऱ्या इतिहासकारांची एक पिढीच उभी राहिली. यातलं पुष्कळसं लेखन एका प्रश्नाभोवती फिरतं: रोग बाहेरून आला की तिथल्या तिथे उपजला? १८३१ सालीही सगळे हेच विचारत होते. मला वाटतं, संडरलंडचं खरं नुकसान या प्रश्नानेच केलं. बंदर बंद राहणार की उघडणार हे त्याच्या उत्तरावर ठरायचं होतं, म्हणून सगळी बुद्धी, सगळा संताप त्याच्यावर खर्च झाला. आजारी माणसं कुठलं पाणी पितात, त्यांची घाण कुठे जाते, हे कुणी चिकाटीने विचारलं नाही. विचारलं असतं तर कळण्याजोगं बरंच काही त्या तीन महिन्यांत तिथे डोळ्यांसमोर घडत होतं.

आधी गाव कसं होतं ते पाहू. वेअर नदी उत्तर समुद्राला मिळते तिथे संडरलंड, बिशपवेअरमथ आणि मंकवेअरमथ अशा तीन पॅरिश मिळून चाळीस हजारांच्या आसपास वस्ती होती. नदीच्या वरच्या अंगाला डरहॅमच्या कोळशाच्या खाणी. तिथला कोळसा 'कील' नावाच्या पसरट, उथळ नावांमधून खाली आणायचा आणि मुखाशी उभ्या असलेल्या जहाजांत फावड्यांनी भरायचा. लंडनच्या चुली या किनाऱ्यावरच्या कोळशावर पेटत. जोडीला जहाजबांधणी आणि काचेचे कारखाने. पैसेवाले लोक बिशपवेअरमथच्या मोकळ्या भागाकडे सरकत होते. जुन्या संडरलंडमध्ये, धक्क्याला लागून असलेल्या अरुंद बोळांत, खलाशी, कीलवाले आणि हमाल दाटीवाटीने राहत. संडास थोडे, तेही सामाईक. उकिरडे बोळातच. गावाला नगरपालिका नव्हती, ती १८३५ च्या कायद्यानंतर आली. साथ आली तेव्हा घाण उचलण्याचा हुकूम कुणी सोडायचा आणि खर्च कुणी उचलायचा, हेच मुळात ठरलेलं नव्हतं.

रोग येतो आहे हे मात्र वर्षभर आधीपासून सगळ्यांना माहीत होतं. १८१७ साली बंगालमधल्या जेसोरहून उठलेली साथ वर्षभरात हिंदुस्थानभर पसरली. १८१८ मध्ये ती मुंबईत पोचली, तिथून जहाजांबरोबर इराणी आखाताकडे गेली आणि १८२३ च्या सुमारास कास्पियन समुद्राच्या काठी विरली. दुसरी लाट थांबली नाही. १८२९ मध्ये ओरेनबर्ग, १८३० मध्ये मॉस्को, १८३१ मध्ये वॉर्सा, रीगा, सेंट पीटर्सबर्ग, आणि त्या ऑक्टोबरात हँबर्ग. रीगा आणि हँबर्ग ही ब्रिटनच्या ईशान्य किनाऱ्याची रोजची गिऱ्हाइकं. जूनमध्ये लंडनला सर हेन्री हॅलफर्ड यांच्या अध्यक्षतेखाली आरोग्य मंडळ बसलं, विल्यम रसेल आणि डेव्हिड बॅरी या डॉक्टरांना रोग पाहायला सेंट पीटर्सबर्गला धाडलं, बाल्टिककडून येणाऱ्या जहाजांवर क्वारंटाइन लागू झालं. पण जहाजं अडवून ठेवली तरी ती किनाऱ्याजवळ, नदीच्या पाण्यातच उभी असत. खलाशांची विष्ठा त्याच पाण्यात जात होती, आणि रोज शेकडो लोक त्या पाण्यावर राबत होते. क्वारंटाइनच्या नियमांत माणसं आणि माल यांचा विचार होता, विष्ठेचा नव्हता.

पहिला रोगी म्हणून पुस्तकांत नाव येतं ते विल्यम स्प्रोट या साठीच्या कीलवाल्याचं. तो धक्क्याजवळ राहायचा. आठवडाभर त्याला जुलाब होत होते. मग थोडं बरं वाटलं म्हणून त्याने मटणाची चाप खाल्ली आणि नदीवर आपली नाव पाहायला गेला. परतला तो हुडहुडी भरलेला, पोटऱ्यांत गोळे आलेले, उलट्या थांबेनात. डॉक्टर आले तेव्हा हातपाय गार पडले होते, डोळे खोल गेले होते, नाडी लागत नव्हती. २६ ऑक्टोबरला तो गेला. पाठोपाठ त्याचा मुलगा आणि नात आजारी पडली. मुलगा इन्फर्मरीत वारला. त्याचा मृतदेह हलवायला मदत केलेली परिचारिका लगेच आजारी पडली आणि तीही गेली.

मटणाची चाप खाऊन आजार बळावला, असं डॉक्टरांनी टिपून ठेवलं. रोग्याने शेवटी काय खाल्लं हे त्या काळचं प्रत्येक टाचण सांगतं. काय प्यायलं, हे अपवादानेच.

स्प्रोट खरोखर पहिला नव्हता. त्याच्या नऊ दिवस आधी इझाबेला हॅझर्ड नावाची बारा वर्षांची मुलगी याच लक्षणांनी चोवीस तासांच्या आत दगावली होती. ऑगस्टमध्ये मेलेल्या एका नदीवाटाड्याचंही नाव पुढे निघालं. हे सगळे नदीशी बांधलेले लोक. नंतरच्या काही इतिहासकारांनी 'पहिला कोण' या शोधावर बरीच पानं खर्च केली आहेत. माझ्या मते ती फुकट गेली. पटकीच्या जंतूची लागण झालेल्या पुष्कळांना नुसते साधे जुलाब होतात किंवा काहीच होत नाही, आणि तेही रोग पसरवतात. बंदराच्या गावात पहिला माणूस सापडणं जवळपास अशक्यच. महत्त्वाचं हे की पहिले बळी एकाच पट्ट्यातले, नदीकाठचे होते आणि ते तेव्हाही दिसत होतं.

ज्यांनी ते पाहिलं त्यांत जेम्स बटलर केल या लष्करी सर्जनचं नाव आधी घ्यायला हवं. गावातल्या बराकीत ८२ वी पलटण होती, तिचा हा डॉक्टर. त्याने पटकी मॉरिशसमध्ये पाहिलेली होती. इंग्लंडमधल्या बहुतेक डॉक्टरांनी ती केवळ वाचली होती. केलने रोग ओळखला, वरिष्ठांना कळवलं, आणि आपल्या शिपायांना गावात मिसळण्यापासून रोखलं. १८३४ साली त्याने या सगळ्याचं पुस्तक लिहिलं. त्यातला त्रागा आजही वाचताना जाणवतो. दुसरे डॉ. विल्यम रीड क्लॅनी. खाणीत वापरायचा सुरक्षित दिवा तयार करणाऱ्या पहिल्या माणसांपैकी हे एक, गावातले ज्येष्ठ डॉक्टर, स्थानिक आरोग्य मंडळाचे प्रमुख. रोग ठाऊक असूनही कळवायला त्यांनी उशीर केला, असा ठपका त्यांच्यावर आला. पुढे त्यांनी 'हायपरॅन्थ्रॅक्सिस' नावाचं पुस्तक लिहून रक्तात कार्बन जास्त झाल्याने हा रोग होतो, असं प्रतिपादन केलं.

क्लॅनींचा हा तपशील मला फार महत्त्वाचा वाटतो, कारण या विषयावरचा सर्वांत गाजलेला सिद्धांत त्याच्यावर अडखळतो. १९४८ साली एर्विन आकरक्नेश्ट यांनी मांडलं की, एकोणिसाव्या शतकात 'रोग संसर्गजन्य नाही' असं म्हणणारे डॉक्टर बहुधा उदारमतवादी होते, मुक्त व्यापाराच्या बाजूचे होते, आणि क्वारंटाइन हे त्यांना सरकारी जुलमाचंच एक रूप वाटत होतं. संडरलंड वरवर पाहिलं तर या सिद्धांतात अगदी चपखल बसतं: व्यापारी सभा भरवतात, डॉक्टर मान डोलावतात. पण रोग गावात आहे हे नाकारणं वेगळं आणि तो संसर्गजन्य आहे हे नाकारणं वेगळं. क्लॅनी हवेतल्या बिघाडाला दोष देत होते, तरीही हा जुन्या ओळखीचा उन्हाळी आजार नव्हे, हे त्यांना पटलेलं होतं. उलट, सभेत शब्द फिरवणाऱ्या कित्येकांचा संसर्गाबद्दल पक्का असा विचारच नव्हता. त्यांचं पोट ज्यांच्या घरच्या फीवर चालत होतं ते लोक समोरच्या खुर्च्यांवर बसले होते. १९९९ साली पीटर बाल्डविन यांनी आकरक्नेश्टना दिलेलं उत्तर मला जास्त पटतं: कुठला देश काय उपाय योजतो हे त्याच्या राजकीय मतांपेक्षा साथीच्या वाटेवर तो कुठे येतो आणि त्याचा व्यापार कसला आहे, यावर ठरत गेलं. ब्रिटन जहाजांवर जगणारा देश. क्वारंटाइन त्याला सगळ्यांत महाग पडणार होतं.

नकाराचा सूर फक्त गावापुरता नव्हता. डरहॅममधल्या मोठ्या खाणींचे धनी लॉर्ड लंडनडेरी यांनी वृत्तपत्राला पत्र लिहून साथीची बातमी खोडून काढली. लंडनहून आलेल्या सरकारी निरीक्षकांनी, त्यात डॉ. रॉबर्ट डॉन होते, रोगी पाहून ही आशियाई पटकीच आहे असा निर्वाळा दिला, तर गावकऱ्यांच्या नजरेत तेच गावाचे शत्रू ठरले. यात केवळ श्रीमंतांचा लोभ पाहिला तर चित्र अपुरं राहतं. जहाज निघालं नाही तर खलाशाला पगार नाही, कोळसा चढला नाही तर कीलवाल्याच्या घरी चूल नाही. हिवाळा तोंडावर होता. बंदर बंद पडण्याची भीती त्या बोळांतही तितकीच खरी होती, फक्त तिथल्या लोकांना एक्स्चेंजमध्ये कुणी बोलावलं नव्हतं.

मरत होते ते तेच. जॅक क्रॉफर्ड त्यांपैकी एक. १७९७ साली डच आरमाराशी कॅम्परडाउनला झालेल्या लढाईत 'व्हेनरेबल' जहाजाची डोलकाठी तुटली तेव्हा गोळ्यांच्या वर्षावात वर चढून त्याने झेंडा पुन्हा ठोकला होता. गावाने त्याला चांदीचं पदक दिलं होतं. पुढे हलाखीत त्याने ते गहाण टाकलं. १० नोव्हेंबर १८३१ ला, व्यापारी गावात साथ नसल्याचं जाहीर करत होते त्याच सुमाराला, तो पटकीने मेला आणि खूण नसलेल्या थडग्यात पुरला गेला. दगड बसला १८८८ साली, मोब्रे पार्कमध्ये पुतळा १८९० साली.

डिसेंबरच्या अखेरपर्यंत संडरलंडमध्ये दोनशेच्या आसपास माणसं दगावली होती. ख्रिसमसच्या दिवसांत टाइन नदीकाठच्या गेट्सहेडमध्ये साथीने एकदम उसळी घेतली. फेब्रुवारी १८३२ मध्ये ती लंडनला, मार्चमध्ये पॅरिसला, जूनमध्ये अटलांटिक ओलांडून क्वेबेकला पोचली. इंग्लंड, वेल्स आणि स्कॉटलंड मिळून सुमारे बत्तीस हजार बळी गेले. त्याच काळात क्षय आणि ताप यांनी दरसाल यापेक्षा कितीतरी जास्त माणसं नेली. पण क्षय महिनोन्महिने झिजवायचा. सकाळी धडधाकट असलेला माणूस रात्री निळा-काळा पडून मेलेला पाहणं लोकांना सहन होईना.

उपचार काय होते? रक्त काढणं, पाऱ्याचं कॅलोमेल, अफूचं लॉडनम, ब्रँडी, पोटावर मोहरीचे लेप, गरम विटा. ज्याच्या अंगातलं पाणी संपत चाललं आहे त्याचं आणखी रक्त काढायचं! शिरेतून काळं, घट्ट, काकवीसारखं रक्त येई, कधी येतच नसे, आणि डॉक्टर त्यालाच रोगाचं मूळ समजत. पाणी मागणाऱ्या रोग्याला पाणी नाकारण्याचीही पद्धत होती.

नेमक्या याच ठिकाणी संडरलंडने जगाला काहीतरी दिलं, आणि ते देणाऱ्याचं नाव गावाच्या इतिहासात जेमतेम येतं. एडिंबरामधून नुकताच डॉक्टर झालेला, लिमरिकचा विल्यम ओशॉनेसी हा विशीतला तरुण डिसेंबरात साथ पाहायला तिथे गेला. रोग्यांचं रक्त घेऊन त्याने रासायनिक तपासणी केली आणि वर्ष सरता सरता 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकाला कळवलं: रक्तातलं पाणी मोठ्या प्रमाणात गेलेलं आहे, क्षारही गेलेले आहेत, आणि जे रक्तातून गेलं तेच रोग्याच्या जुलाबात सापडतं. मग जे गेलं ते परत भरावं. हवेत काय आहे, रोग कुठल्या देशातून आला, या वादात तो पडला नाही. रोग्याच्या शरीरातून काय बाहेर पडतं, एवढंच त्याने मोजलं. संडरलंडवरच्या साऱ्या कागदपत्रांत मला हा सर्वांत शहाणा मजकूर वाटतो.

पाच महिन्यांनी एडिंबराजवळच्या लीथ बंदरात थॉमस लाटा याने ते करून पाहिलं. पहिली रोगी एक म्हातारी होती. सगळे उपाय थकले होते, नाडी सापडत नव्हती. त्याने तिच्या दंडाच्या शिरेत नळी घातली आणि मिठाचं पाणी थोडं थोडं सोडायला सुरुवात केली. बराच वेळ काही फरक पडेना. मग श्वास सावकाश झाला, आत गेलेले गाल भरले, मनगटावर नाडी लागली. अर्ध्या तासात सहा पिंट, म्हणजे तीन लिटरहून जास्त पाणी गेलं, आणि म्हातारी बोलायला लागली, आपल्याला आता फक्त झोप हवी म्हणाली. लाटा दमून तिला रुग्णालयाच्या सर्जनकडे सोपवून गेला. जुलाब-वांत्या पुन्हा सुरू झाल्या, पाणी पुन्हा भरलं गेलं नाही, आणि काही तासांत ती गेली. ही पद्धत पुढे आणखी काही रोग्यांवर वापरली, थोडे वाचले. पण ती लावली जाई ती फक्त मरणाच्या दारातल्या रोग्याला. पाणी निर्जंतुक नसे, मिठाचं प्रमाण बरोबर नसे, आणि पुन्हा पुन्हा भरावं लागतं हे इतरांना पटलं नव्हतं. साथ ओसरली, १८३३ मध्ये लाटाही वारला, आणि सलाईन जवळजवळ विस्मरणात गेलं. ओशॉनेसी कोलकात्याला आला आणि पुढे दुसऱ्याच कामाने नावाजला: १८५० च्या दशकात कोलकाता, आग्रा, मुंबई, मद्रास जोडणाऱ्या तारायंत्राच्या उभारणीचा प्रमुख तोच.

१९७१ मध्ये बांगलादेशातून आलेल्या निर्वासितांच्या बनगाव इथल्या छावणीत सलाईनच्या बाटल्या संपल्या, तेव्हा डॉ. दिलीप महालनबीस यांनी ग्लुकोज आणि क्षार मिसळलेलं पाणी तोंडानेच पाजून मृत्यूचं प्रमाण झपाट्याने खाली आणलं. आपण ज्याला जलसंजीवनी म्हणतो त्याचं मूळ तत्त्व, गेलेलं पाणी आणि क्षार परत भरणं, हे ओशॉनेसीने १८३१ मध्येच लिहून ठेवलं होतं. मधल्या एकशेचाळीस वर्षांत जे मेले त्यांचा विचार केला की 'विज्ञान पायरीपायरीने पुढे जातं' हे वाक्य उच्चारवत नाही.

सामान्य माणसांना डॉक्टरांबद्दल काय वाटत होतं, हा या विषयातला सर्वांत जिवंत भाग आहे. एडिंबरामध्ये १८२८ साली बर्क आणि हेअर यांनी माणसं मारून मृतदेह शरीरशास्त्राच्या शाळेला विकले होते. गरिबांच्या कबरी उकरल्या जात होत्या. अशात पटकीचं रुग्णालय उघडतं, डॉक्टर गरिबाला पालखीत घालून नेतात आणि तो परत येत नाही. लोकांनी काढलेला अर्थ मला अडाणी वाटत नाही. १८३२ च्या उन्हाळ्यात लिव्हरपूलमध्ये आठ वेळा दंगे झाले. सप्टेंबरात मँचेस्टरमध्ये एका लहान मुलाची शवपेटी नातेवाइकाने उघडून पाहिली, तर डोक्याच्या जागी वीट होती. जमावाने रुग्णालय फोडलं. त्याच वर्षी मंजूर झालेल्या शरीरशास्त्र कायद्याने बेवारस गरिबांचे मृतदेह विच्छेदनाला देण्याची वाट कायदेशीर केली, म्हणजे लोकांचा संशय कायद्यानेच खरा ठरवला. राजकीय हवाही तापलेली होती. स्प्रोट मेला त्याच आठवड्यात मतदान सुधारणेचं विधेयक फेटाळल्याच्या रागातून ब्रिस्टल पेटलं होतं. कामगारांच्या जहाल पत्रांना पटकी म्हणजे सुधारणेवरून लक्ष उडवण्याची सरकारी हूल वाटली. मार्च १८३२ मध्ये देशभर उपवासाचा दिवस पाळला गेला. जे रोजच उपाशी होते त्यांना त्या दिवसाचं काय वाटलं असेल, हे वेगळं सांगायला नको.

इतिहासकारांची भांडणं इथेच सुरू होतात. एसा ब्रिग्ज यांनी १९६१ साली सुचवलं की, पटकीच्या साथीत समाजातल्या भेगा स्वच्छ दिसतात, म्हणून तिचा अभ्यास करावा. आर. जे. मॉरिस यांनी १९७६ मध्ये आणि मायकेल ड्युरी यांनी १९७९ मध्ये १८३२ वर सविस्तर पुस्तकं लिहिली. दंगे झाले, अविश्वास माजला, पण समाज फुटला नाही, हा त्यांचा साधारण निष्कर्ष. मार्गरेट पेलिंग यांनी मात्र वेगळा सूर लावला: त्या काळच्या डॉक्टरांच्या डोक्यात पटकीपेक्षा रोजचा 'ताप' जास्त होता, आणि पटकीला आपण नंतर फाजील महत्त्व दिलं. पेलिंग यांचं म्हणणं आकडेवारीला धरून आहे. तरी मला वाटतं, रोजच्या तापाने एखाद्या बंदरातल्या डॉक्टरांना सभेत उभं राहून आपलंच निदान परत घ्यायला लावलं नसतं. ती ताकद पटकीत होती, कारण तिच्याबरोबर क्वारंटाइन येत होतं.

पाण्याचा प्रश्न अखेर विचारला तो याच मुलखात शिकलेल्या माणसाने. जॉन स्नो १८३१ मध्ये न्यूकॅसलच्या एका सर्जनकडे उमेदवारी करत होता. अठरा वर्षांच्या त्या मुलाला किलिंगवर्थच्या खाणीत पटकीचे रोगी पाहायला पाठवलं गेलं. खाणकामगार जमिनीखाली आठ-आठ तास असत, तिथेच विधी उरकत, त्याच हातांनी भाकरी खात. खाणीत दलदल नव्हती, सडका कचरा नव्हता, 'दूषित हवा' सांगणाऱ्यांना सोयीचं असं काही नव्हतं. १८४९ साली स्नोने रोग तोंडावाटे शिरतो, विष्ठेतून पसरतो आणि पाणी त्याला गावभर नेतं, असं मांडलं तेव्हा ही खाण त्याच्या डोक्यात होती. १८५४ मधल्या ब्रॉड स्ट्रीटच्या पंपाची गोष्ट सगळे सांगतात. सहाशेहून जास्त लोक गेले आणि ८ सप्टेंबरला पंपाचा दांडा काढला. त्याहून भक्कम पुरावा दक्षिण लंडनमधला होता. तिथे एकाच रस्त्यावरच्या घरांना दोन वेगळ्या कंपन्या पाणी देत. सदर्क अँड व्हॉक्सहॉल कंपनी शहराच्या गटारांनी बाटलेलं थेम्सचं पाणी देई, तर लँबेथ कंपनीने १८५२ मध्ये आपला उपसा नदीच्या वरच्या अंगाला नेला होता. स्नोने दारोदार फिरून हिशेब केला: दर दहा हजार घरांमागे पहिल्या कंपनीच्या गिऱ्हाइकांत ३१५ मृत्यू, दुसरीच्या ३७.

न्यूकॅसलने तेवढंही थांबायला नको होतं. १८५३ च्या शरद ऋतूत तिथे दोन महिन्यांत पंधराशेहून जास्त माणसं मेली. व्हिटल डीन कंपनीचं तळ्याचं पाणी पुरेना, म्हणून तिने थेट टाइन नदीचं पाणी नळांत सोडलं होतं. सरकारी चौकशी झाली, जॉन सायमन त्या आयोगात होते. पाण्याकडे बोट दाखवलं गेलं. तरी 'दूषित हवा' पुढची कित्येक वर्षं पाठ्यपुस्तकांत टिकली. फ्लॉरेन्समध्ये १८५४ सालीच फिलिपो पाचीनीने सूक्ष्मदर्शकाखाली जंतू पाहिला होता. जगाने तो मानला १८८४ मध्ये, रॉबर्ट कॉखने कोलकात्यात दाखवल्यावर.

संडरलंडमधला नकार पुढे साम्राज्याचं धोरण झाला. १८६५ मध्ये मक्केच्या यात्रेत पटकीने हजारो हाजी मेले आणि रोग युरोपात पसरला. १८६६ च्या कॉन्स्टँटिनोपल परिषदेत बाकीच्या देशांनी हिंदुस्थानातून येणाऱ्या जहाजांवर क्वारंटाइनची मागणी लावून धरली. १८६९ मध्ये सुएझ कालवा उघडल्यावर मुंबईचा व्यापार थेट युरोपशी जोडला गेला. आता क्वारंटाइन म्हणजे मुंबई बंदरात उभ्या जहाजांचं नुकसान. हिंदुस्थान सरकारचे आरोग्य आयुक्त जे. एम. कनिंगहॅम रोग माणसांबरोबर प्रवास करतो हे ठामपणे नाकारत राहिले. बंदराच्या हिताचं वैद्यकशास्त्र बोलणारे डॉक्टर आता सरकारी पगारावर होते. त्याच वेळी पंढरपूरच्या यात्रेतली पटकी मात्र अहवालांत यात्रेकरूंच्या अस्वच्छतेची साक्ष म्हणून नोंदवली जात होती. वारकरी रोग पसरवू शकतो, जहाज नाही, अशी ती विभागणी होती.

हँबर्गने १८९२ मध्ये हीच वाट धरली. व्यापाऱ्यांच्या हाती असलेल्या त्या नगरराज्याने साथ जाहीर करायला उशीर केला, आणि एल्बचं न गाळलेलं पाणी पिणारी साडेआठ हजारांच्या आसपास माणसं गेली. हद्दीपलीकडच्या आल्टोनाला पाणी वाळूतून गाळून मिळत होतं, ते बहुतांशी वाचलं. १९११ मध्ये इटलीने नेपल्सची साथ लपवली. २०१० मध्ये हैतीत संयुक्त राष्ट्रांच्या शांतिसैनिकांच्या छावणीतली घाण नदीत गेली आणि पटकी आली. दहा हजारांच्या आसपास माणसं दगावली, आणि आपल्या जबाबदारीबद्दल माफी मागायला संयुक्त राष्ट्रांना डिसेंबर २०१६ उजाडला. तिथेही आधी वाद झाला तो रोग बाहेरचा की स्थानिक याचाच.

आज त्या वादाचं उत्तर प्रयोगशाळेत मिळू लागलं आहे. फिलाडेल्फियाच्या एका संग्रहालयात १८४९ च्या साथीतल्या रोग्याचं आतडं जपून ठेवलेलं होतं. २०१४ साली त्यातून जंतूचा जनुकीय आराखडा काढला गेला, आणि तो बंगालच्या उपसागराभोवती एकोणिसाव्या शतकात नांदलेल्या 'क्लासिकल' घराण्यातलाच निघाला. केलचं ओळखणं बरोबर होतं, संडरलंडचे व्यापारी चूक होते. पण पाणी स्वच्छ असतं तर बाहेरून आलेला जंतू धक्क्यावरच संपला असता, हेही तितकंच खरं.

या विषयाच्या मराठी अभ्यासकांना एक काम अजून करण्यासारखं आहे. १८१९ साली मुंबई सरकारने आपल्या इलाख्यातल्या पटकीवर डॉक्टरांचे अहवाल एकत्र छापले. बंगालच्या जेम्स जेमसनचा १८२० चा अहवाल हवामानाकडे झुकतो. मुंबईच्या संग्रहात मात्र रोग माणसांच्या हालचालीबरोबर गावोगाव जातो या मताला बरंच वजन आहे. संडरलंडची साथ यायच्या बारा वर्षं आधी ही निरीक्षणं छापून झाली होती. केल, क्लॅनी आणि मुंबईचा हा अहवाल शेजारी ठेवून ओळीओळीने वाचायला हवेत: इकडचं काय तिकडे पोचलं होतं, कुणी वाचलं होतं, आणि एक्स्चेंजमधल्या त्या सभेत ते कुणी उच्चारलं का.